शंभर टक्के कॉटन

दुकानाचं नाव लिहीत नाही. माल कोणी विकला हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

मला मफलर नको होता. रोज गळ्यात टाकता येईल असा हलका, जाळीचा स्कार्फ हवा होता. नागपुरात लकडगंजातून टेलिफोन एक्स्चेंजच्या मेट्रो स्टेशनपर्यंत पायी, मग बर्डी, मग दिवसभर ऑफिसातला एसी. बाहेर घाम टिपला पाहिजे, आत मान झाकली पाहिजे, कुर्त्यावर बरा दिसला पाहिजे. म्हणून दुकानात शिरल्याबरोबर पहिलं वाक्य बोलले ते हेच, "कॉटनच दाखवा, ऍक्रिलिक नको."

"ताई, शंभर टक्के कॉटन. हात लावून पाहा ना."

हात लावला. मऊ होतं. आता कळतं, मऊपणावरून काहीच कळत नाही. गोळ्यांना कागदाची पट्टी नव्हती. विचारलं तर म्हणाला, खुला माल आहे, म्हणून तर स्वस्त. मोतिया रंगाचे पाच गोळे घेतले. बिल मागितलं नाही. आमच्या भागात दोन-चारशेच्या खरेदीला बिल मागितलं की समोरचा असा पाहतो की जणू आपण त्याच्या घरची झडती घ्यायला आलो.

सात आठवडे विणला. संध्याकाळी गल्लीतली आरा मशीन बंद झाली की मी बसायची. साठ टाके, दोन्ही कडांना चार-चार टाके दोन्हीकडून सुलट, म्हणजे कड गुंडाळत नाही. मधे जाळी: दोरा पुढे, दोन टाके एकत्र, पुन्हा दोरा पुढे. एकही टाका सुटलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते, कारण नंतर जे बोललं गेलं ते माझ्या हातावर बोललं गेलं. मोठ्या जाऊबाई तर रोज म्हणायच्या, "बर्डीवर शंभर रुपयांत मिळते, काहून डोळे फोडून राहिली?"

शेवटचे टाके बंद केले, धुतला, वाळवला. जाळी उघडून दिसावी म्हणून इस्त्री काढली. कॉटन म्हणून बटण कॉटनवर ठेवलं. इस्त्री टेकवली आणि ती सरकेना. उचलली तर खाली तळहाताएवढा चकचकीत चट्टा. जाळीची भोकं चपटी होऊन एकमेकांना चिकटलेली. आणि वास कपड्याचा नाही, गरम तव्यावर प्लास्टिकची पिशवी पडावी तसा.

मी ओरडले नाही. उरलेल्या गोळ्यातला वीतभर धागा तोडला, चिमट्यात धरला आणि मोरीत नेऊन काडी लावली. धागा जळता जळता आकसला, वितळला, टोकाला काळा मणी झाला. गार झाल्यावर नखाने दाबला, फुटेना. कापसाची वात जळते तेव्हा करडी राख राहते, फुंकर मारली की उडते, हे दिवा लावणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मला ते सात आठवडे आधी आठवलं नाही, याचाच राग जास्त आहे.

स्कार्फ घेऊन दुकानात गेले. त्याने तो उचललासुद्धा नाही. "इस्त्री जास्त गरम झाली असेल ताई." मी मणी दाखवला. म्हणाला, "आम्ही कॉटनच बोलतो त्याला. प्युअर पाहिजे होतं तर प्युअर बोलायचं ना." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे वळून, हसत, "बोला मॅडम." ते हसू मला अजून दिसतं. ज्या गावात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली, जिथे भाजीबाजारालाही आजतागायत कॉटन मार्केट म्हणतात, तिथे मला कॉटन शब्दाचा अर्थ शिकवून राहिला!

तर बायांनो, ऐका. धागा विणायच्या आधी जाळा. आधी एकच गोळा घ्या, घरी तपासा, मग बाकीचे. मात्र एकाच रंगछटेचे बाजूला ठेवायला सांगा, दुसऱ्या घाण्यातला मोतिया वेगळा निघतो. राख उडाली आणि कागद जळाल्याचा वास आला तर सूत. केस जळाल्याचा वास आला तर खरी लोकर. मणी झाला तर ऍक्रिलिक किंवा तसलंच काही. राखेत बारीक खडा लागला तर भेसळ, म्हणजे मिश्र धागा. पट्टी नसलेला माल घेऊ नका. बिल घ्याच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत करायला तीस दिवस मिळतात. मला हे 1915 या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर शोधताना कळलं. तोवर माझे तीस दिवस जाळी घालण्यात गेले होते.

नमुना विणून बघा असं सगळेच सांगतात. मीही विणला होता, पण धुतला नाही, इस्त्री केली नाही. चार बोटांचा तुकडा जळाला असता तर काय गेलं असतं?

आणखी एक, यात दुकानदाराचा दोष नाही. नमुना अमेरिकन पुस्तकातला असेल तर सुईचा नंबर जसाच्या तसा घेऊ नका. त्यांची आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची, आपल्याकडे मिळणारी आठ नंबरची चार मिलिमीटरची. आपल्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्यात जाड. मी आठ नंबरवरच विणला, त्यामुळे तो तसाही जरा घट्टच आला होता. जाऊबाईंना हे सांगितलेलं नाही.

बाकी उजेडात बसा, मान अवघडू देऊ नका, घाई करू नका, वगैरे.

आता दुसरा सुरू आहे. पट्टी असलेलं सूत, सहा नंबरची सुई, बिल डब्यात. परवा त्याच दुकानावरून जात होते. त्याने ओळखलं नाही. "या ना ताई, नवीन कॉटन आलं आहे." मी पर्समधून काडेपेटी काढली आणि म्हटलं, दाखवा. तो दचकून म्हणाला, "ताई, लकडगंज आहे हे, आग लावता का?"