तेल्हाऱ्यात आठ जणांचं घर: उभारण्याची कृती

तालुक्याच्या गावात बेघर माणसं पांगलेली असतात, म्हणून ती मोजली जात नाहीत. एखादा बसस्थानकाच्या बाकावर, दोघं आठवडी बाजाराच्या ओट्यांवर, कुणी देवळाच्या सभामंडपात, कुणी जिनिंगच्या भिंतीलगत. शहरी बेघरांच्या सरकारी योजनेचा हिशेब एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा असा आहे. त्या हिशेबात तेल्हारा बसतच नाही. माझ्या मते ते बरंच आहे. शंभर माणसांना व्यवस्थापक लागतो, कुलूप लागतं, रांग लागते. आठ माणसांना एक चूल पुरते. पुढची कृती आठ जणांसाठी आहे, तीही फक्त प्रौढ पुरुषांच्या घराची. बायकांचं घर वेगळं असावं आणि ते बायकांनीच उभारावं.

१. आधी पाहा

पहिला महिना काही उभारू नका. आठवड्यातून दोनदा रात्री दहानंतर दोघातिघांनी गावातून फिरा. फोटो काढू नका, ब्लँकेट वाटू नका. पहिल्याच भेटीत वस्तू दिली की माणूस तुम्हाला दाता समजतो आणि पुढचं सगळं बोलणं त्याच सुरात होतं. बसा आणि तीन गोष्टी विचारा: कोणतं काम येतं? शेवटचं छप्पर कोणतं होतं आणि ते कशामुळे सुटलं? जवळ काही कागद आहे का?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून गाव कळतं. वऱ्हाडात सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. मालकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचे गुडघे गेले की पाडव्याला त्याचं साल धरलं जात नाही, आणि सालाबरोबर खोलीही जाते. मेळघाटातून मजुरीला उतरलेला आणि टोळीपासून मागे राहिलेला कोरकू माणूस भेटेल. शेगावला महाराजांच्या दारी आलेला आणि परतीची वाट नसलेला भेटेल. घरच्यांशी भांडून निघालेला तर प्रत्येक गावात असतो.

याच फेऱ्यांत कोण या घरासाठी नाही, तेही ठरवावं लागतं. अठरा वर्षांखालचं मूल एक रात्रही ठेवू नका. १०९८ वर कळवा. बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. असंबद्ध बोलत भटकणाऱ्या माणसाला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. पोलीस ठाण्यात हे कलम नाव घेऊन सांगा, सोबत जा आणि ग्रामीण रुग्णालयातून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंत पाठपुरावा करा. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. उपचार स्थिरावल्यावर तो माणूस तुमच्या घरात जरूर येऊ शकतो, पण घराचा मनोरुग्णालय म्हणून वापर करता येत नाही. त्याला वेगळी नोंदणी लागते आणि वेगळी माणसं लागतात.

२. छपराआधी काम

बहुतेक मंडळी इथे उलटं करतात. देणगी मिळते, खोली घेतात, फीत कापतात, आणि तिसऱ्या महिन्यात दिवसभर पत्ते कुटणारी आठ माणसं आणि वैतागलेले विश्वस्त उरतात. वऱ्हाडाला तर याची शिकवण बाहेरून आणायची गरज नाही. आधी गाव झाडायचं आणि मगच भाकर घ्यायची, हा गाडगेबाबांचा शिरस्ता याच मुलखातला. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं. समाजाने घराबाहेर काढलेली माणसं त्यांच्या तपोवनात शेती, सुतारकाम, विणकाम करू लागली. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर सुरुवात केली. तिथला धडा मात्र निराळा आहे. आनंदवनात भाजी पिकली, दूध निघालं, तरी वरोऱ्याचे लोक सुरुवातीला ते विकत घ्यायला तयार नव्हते. म्हणजे काम शोधताना घेणाराही शोधायचा.

तेव्हा वहीत बारा रकाने आखा आणि तेल्हाऱ्याचं वर्ष मांडा. जून-जुलैत पेरणी आणि सरकी टोबणं. पोळ्यापर्यंत निंदण. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी. तिथून संक्रांतीपर्यंत आणि पुढेही कापूस, त्याच काळात जिनिंगमधली हमाली. मग तूर, हरभरा, शेवटी पऱ्हाटी उपटणं. केळीच्या बागांमध्ये घड कापून गाड्या भरायचं काम वर्षभर थोडंथोडं असतं. कापूसवेचणी इकडे बायकांची मजुरी समजली जाते. पुरुष लाजतात, शेतकरीही त्यांना बोलावत नाहीत. पण ऐन हंगामात मजूर मिळेनासे झाले की ही लाज दोन्हीकडून जाते. वेचणी किलोवर असते, नवख्याचा हात बसायला वेळ लागतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या संध्याकाळी मजुरी पाहून तो खचेल.

एप्रिल-मे हे दोन रकाने जवळपास कोरे राहतील. ते घरातल्या घरात भरायचे. हाच वाळवणाचा मोसम असतो. पापड, कुरडया, शेवया करायला ज्यांच्या घरात आता हात उरले नाहीत अशी घरं गावात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून आधी मागणी आणि साहित्याचे पैसे घ्या, मगच गहू भिजवा. दुसरं काम बाज विणण्याचं. तिसरं जुनं सामान गोळा करून दुरुस्त करण्याचं: मोडकी कपाटं, खुर्च्या, कूलर. फ्रान्समध्ये आबे पियर या धर्मगुरूने १९४९ साली बेघरांची जी एमाऊस नावाची वस्ती सुरू केली, ती भंगार वेचून आणि विकूनच स्वतःच्या पायावर उभी राहिली. आज तिच्या शाखा कितीतरी देशांत आहेत. तेल्हाऱ्यात कूलर दुरुस्त करणारा एक जरी माणूस घरात तयार झाला, तरी त्याला एप्रिलमध्ये फुरसत मिळायची नाही.

एक काम मात्र सरळ नाकारा: फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मागे विचारायला कुणी नाही अशा माणसाच्या पाठीवर पंप चढवायला लोक लवकर तयार होतात. मळणीयंत्रावरही नवखा माणूस देऊ नका.

३. मजुरीचा नियम

या पायरीवर घसरलात तर सगळा खटाटोप कायद्याच्या आणि माणुसकीच्या विरोधात जाईल. ‘खाणं-राहणं फुकट, बदल्यात काम’ हा सौदा ऐकायला गोड आहे आणि तो करू नये. १९८२ साली आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीत करून घेतलेलं काम हे राज्यघटनेच्या कलम २३ खालचं सक्तीचं श्रम ठरतं. म्हणून बाहेरच्या कामाची मजुरी थेट माणसाच्या हातात किंवा खात्यात जावी. घराने मध्ये मुकादमी करू नये, टक्का घेऊ नये. वाळवणाच्या किंवा दुरुस्तीच्या कामात मजुरी आधी, नफा नंतर. उचल देऊ नका आणि शेतकऱ्याकडून घेऊ देऊ नका. उचलीत अडकलेला माणूस पुन्हा गोठ्यातच जातो.

झाडणं, भांडी, स्वयंपाक यांच्या पाळ्या मात्र मजुरीत धरायच्या नाहीत. ते घरकाम आहे आणि विश्वस्त मुक्कामाला आले तर त्यांनाही पाळी लागते.

४. घर

आता खोली शोधा. बाजार आणि बसस्थानकापासून चालत जाण्याजोगी हवी, कारण मजुरांना नेणाऱ्या गाड्या भल्या सकाळी निघतात. टिनाचं छप्पर टाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो, टिनाखाली दुपारी कुणी टिकत नाही. स्लॅब परवडत नसेल तर निदान वर पऱ्हाटी-तुराट्यांचा थर आणि खाली ओसरी पाहा. नळाला वान धरणाचं पाणी येतं का, हे भाडं विचारण्याआधी विचारा. आपण पूर्णेच्या खारपाण पट्ट्याच्या काठावर आहोत. निव्वळ बोअरवर चालणाऱ्या घरात स्वस्त भाड्याची बचत दवाखान्यात जाईल. दोन संडास, एक मोरी, आणि प्रत्येकाला कुलुपाची पेटी. पेटी विसरू नका. उघड्यावर राहिलेल्या माणसाला आपली वस्तू सकाळी जागेवर सापडणं ही चैन वाटते.

करार संस्थेच्या नावाने लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवा. राज्यात ही नोंदणी सक्तीची आहे. घरमालकाला कोण राहणार ते लपवू नका. शेजाऱ्यांनाही एकदा चहाला बोलवा, आठही जणांच्या आधी.

५. कागद

संस्थेसाठी सात सभासद जमवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दुहेरी नोंदणी अकोल्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. बँक खातं दोन सह्यांचं. पोलीस ठाण्यात राहणाऱ्यांची यादी फोटोसह द्या. त्याने तुमचं आणि त्यांचंही संरक्षण होतं. नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र देऊन पोच घ्या. बाकी फायली हळूहळू जमतील.

६. पहिला माणूस

आठही जण एकदम आणू नका. पहिला असा निवडा ज्याला स्वयंपाक येतो किंवा हातात काही कसब आहे, आणि त्याला मदत मागा. आबे पियरकडे आलेला पहिला माणूस जीव द्यायला निघालेला होता. त्याला त्याने काही दिलं नाही, घरं बांधायला हात मागितला. इथेही तसंच करा: ‘काका, आम्हाला घर चालवता येत नाही, तुम्ही या.’ वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहोच. त्याच्याच सल्ल्याने पुढचे दोघं, मग महिन्याने आणखी दोघं. स्वयंपाकाचा बेतही त्याच्यावर सोडा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आठवड्यातून एकदा अंबाडी, रात्री उशीर झाला तर चून-भाकर. हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

दारूचा नियम पहिल्या दिवशी सांगा: घरात बाटली नाही. पिऊन आलेल्याला मात्र रात्री हाकलू नका. ओसरीत झोपवा, बोलणं सकाळी.

७. ओळख

आधार हरवलं असेल तर केंद्रावर बोटांच्या ठशांनी जुनी नोंद सापडू शकते. मजुरीने ठसे झिजलेले असतील, तर डोळ्यांच्या बुबुळांवरून. कधीच काढलेलं नसेल तर आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला चालतो. मग याच क्रमाने: जनधन खातं, रेशनकार्ड (प्राधान्य गटात माणशी महिना पाच किलो धान्य), मतदार यादी. बेघर माणसालाही मत आहे. त्याने दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे बूथ अधिकाऱ्याने रात्री येऊन पाहायचं असतं. थकलेल्या माणसासाठी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार किंवा पासष्टीनंतर श्रावणबाळ, महिना १,५०० रुपये. त्याला राज्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो आणि खरी पायपीट तिथे आहे. जुन्या मालकाचा जबाब, गावच्या शाळेचा दाखला, जुनी मतदार यादी, काहीही कामी येतं. अचलपूर तालुक्यात वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांच्या कागदांवर वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. तेवढं धाडस आपल्याकडून होणार नाही, पण रहिवासी पत्त्यावर घराचा पत्ता लावू द्यायला कचरू नका.

८. हिशेब

आकडे समजुतीपुरते घ्या. भाडं ५,०००, वीज-पाणी १,५००, किराणा १२,०००, गॅस २,०००, औषधं आणि किरकोळ १,५००, एकूण २२,०००. राहणाऱ्याने पहिला महिना काही द्यायचं नाही, दुसऱ्यापासून १,५००. आठ जणांचे १२,००० होतात. उरलेले १०,००० गावाने द्यायचे. एका दात्याकडून दहा हजार घेऊ नका, पन्नास घरांकडून दोनशे घ्या. एकाच दात्याचं घर झालं की भिंतीवर त्याचा फोटो लागतो आणि वाढदिवसाला फळवाटप होतं. आठ धडधाकट मजुरांना केळी वाटताना फोटो! कापसाच्या मातेऱ्यासारखं ते वेगळं काढून टाकावं. जमाखर्च दर महिन्याच्या पाच तारखेला ओसरीत वाचायचा, आठही जणांसमोर.

९. तक्रार आणि निरोप

आबे पियरबद्दल २०२४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या अनेक तक्रारी उघड झाल्या, आणि त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाने पुढच्या वर्षी नाव बदललं. ज्याच्याकडे पाहून सगळे हात जोडतात त्याच्याविरुद्ध बोलायला जागा नसते, हे त्यातलं कारण. म्हणून घराला एखादा ‘भाऊ’ किंवा ‘महाराज’ चिकटू देऊ नका. तक्रार ऐकणारा माणूस संस्थेबाहेरचा असावा, उदाहरणार्थ निवृत्त शिक्षिका, आणि तिचा फोन नंबर स्वयंपाकघरात लिहिलेला असावा. विश्वस्ताचा नातेवाईक पगारावर नको. गाडगेबाबांनीही आपण बांधलेल्या धर्मशाळांवर घरच्यांचा हक्क ठेवला नव्हता.

मुक्कामाला मुदत घालू नका, पण दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी पुढचं बोला: खोली करायची का, गावी फोन लावायचा का, सालाने राहायचं का. सालाने जाणाऱ्याचा करार तुमच्या देखत लिहून घ्या. निघणाऱ्याला त्याची बाज, अंथरूण आणि पेटी सोबत द्या. त्याची जागा पंधरा दिवस मोकळी ठेवा, कारण पहिल्या आठवड्यातच परत येणारे बरेच असतात. पंधरा दिवसांनी रात्रीच्या फेरीची वही काढा आणि यादीतल्या पुढच्या माणसाकडे जा. नवी बाज तोवर घरातच विणून झालेली असावी.