नेमबाजांची परीक्षा

मुलांनो, तुम्ही दरवर्षी परीक्षा देता. नेमबाजही देतात! त्यांची परीक्षा भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना घेते. ही संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. आधी राज्याची स्पर्धा, मग मावळणकरांच्या नावाची स्पर्धा, त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा. पुढे जायचे तर ठरावीक गुण मिळवावेच लागतात. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मध्यबिंदू फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो! तेथे वशिला चालत नाही. हात स्थिर व मन शांत लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे अशा स्पर्धांतूनच पुढे आला. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. सांगा, तुमचा नेम कशावर आहे?