अनेक फायलींतील शब्दबदल : एक अभ्यासपाठ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके त्यात गेले. ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर व अंबरनाथ हे सात मूळ जिल्ह्यातच राहिले. माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या याद्यांत मात्र सर्वत्र ‘जिल्हा ठाणे’ असेच आढळते. वर्षवार ठेवलेली एकेक फाईल उघडून पत्ते दुरुस्त करणे कष्टाचे. म्हणून कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकून, हे काम कसे करावे ते आपण पाहू.

प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ठेवावी. मग ‘ग्रेप’ या आज्ञेने मजकूर कोणत्या फायलीत, कितव्या ओळीत आहे ते पाहावे. बदल ‘सेड’ ही आज्ञा करते. तिला जुना मजकूर, नवा मजकूर व फायलींची नावे द्यावयाची असतात. ‘आय’ हा पर्याय दिला नाही, तर ती निकाल केवळ पडद्यावर दाखवते. तो वाचून खात्री पटल्यावरच ‘आय’ द्यावा. ही रीत साध्या टेक्स्ट फायलींनाच लागू आहे, वर्डच्या फायलींना नव्हे.

खरी कसोटी मजकूर निवडण्यात आहे. नुसते ‘ठाणे’ बदलले, तर ‘पोलीस ठाणे’ याचे ‘पोलीस पालघर’ होईल. ‘जिल्हा ठाणे’ बदलले, तर मुरबाडचा विद्यार्थीही पालघरला जाईल. ‘वाडा, जिल्हा ठाणे’ दिले, तर ‘भोईवाडा, जिल्हा ठाणे’ हा पत्ताही त्यात सापडेल. म्हणून ‘तालुका वाडा, जिल्हा ठाणे’ असा पूर्ण मजकूर द्यावा आणि प्रत्येक तालुक्यासाठी आज्ञा स्वतंत्रपणे चालवावी. ‘ठाण्यातील’ हे रूप ‘ठाणे’च्या शोधात येत नाही, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूरही येत नाही. शेवटी ‘डिफ’ने जुनी प्रत व नवी फाईल ताडून पाहावी.

आम्ही एक मर्यादा आग्रहाने सांगतो. हा बदल पत्रव्यवहाराच्या यादीपुरताच करावा. जनरल रजिस्टरमधील व शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद मूळची तशीच राहिली पाहिजे. २०१४ पूर्वी मोखाड्यात जन्मलेल्या मुलाचा जन्म ठाणे जिल्ह्यातच झाला होता, आणि जात पडताळणीच्या वेळी शाळेची जुनी नोंदच पुराव्याच्या कामी येते. ज्या घरातून पहिलेच मूल शाळेत आले, त्या घराकडे दुसरा कागद बहुधा नसतो. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, हे प्रत्येक वेळी पाहावे.