विचार, बुद्धी, प्रेरणा आणि भावना : चिकित्सकासाठी मनोविज्ञानाचा प्राथमिक परिचय

शरीर, इंद्रिये, सत्त्व व आत्मा यांचा संयोग म्हणजे आयु, ही व्याख्या आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केलेली असते. तथापि चिकित्सालयात बसू लागल्यावर सत्त्वपरीक्षण केसपेपरवरील ‘सत्त्व : मध्यम’ एवढ्या दोन शब्दांपुरतेच उरते. आम्हीही अनेक वर्षे त्यास अपवाद नव्हतो. ज्या प्रसंगाने आम्हांस ग्रंथ पुन्हा उघडावयास लावले आणि आधुनिक मानसशास्त्राची प्राथमिक पुस्तकेही शेजारी ठेवून वाचावयास लावले, तो प्रसंग प्रथम सांगतो.

खांदा कॉलनीतील एक गृहस्थ आपल्या आठवीतील मुलास घेऊन आले. वडील तळोजा औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे. मुलगा अभ्यासात मागे, वाचताना अडखळणारा, लेखनात अक्षरांची उलटापालट करणारा. ‘बुद्धीसाठी काहीतरी द्या,’ एवढीच मागणी. १८७२ साली पुराणिकशास्त्र्यांनी ज्या गावात धूतपापेश्वराची मुहूर्तमेढ रोवली, त्या पनवेलीत बुद्धीचे औषध मागणाऱ्या पालकांची वाण कधीच नव्हती, आणि परीक्षेचे दिवस जवळ आले की ती संख्या वाढते. आम्ही प्रकृती पाहिली, कोष्ठ पाहिला, ब्राह्मी घृत दिले. पाच महिने दिले. मुलाची झोप सुधारली, भूक वाढली, अंगावर थोडे मांस आले. वाचन होते तसेच राहिले. मग आम्ही अभ्यंग व शिरोधारा सुचविली! अखेरीस शाळेतील एका बाईंच्या आग्रहावरून मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात त्याची रीतसर तपासणी झाली. बुद्धी सामान्य श्रेणीतील होती आणि दोष वाचन-लेखनापुरता विशिष्ट होता. ज्याला अध्ययन-अक्षमता म्हणतात, ती होती. पाच महिने आम्ही ज्या गोष्टीची चिकित्सा केली ती बिघडलेलीच नव्हती.

विचार

चूक औषधयोजनेपूर्वीच झाली होती, म्हणून विचारापासून आरंभ करणे योग्य. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मनाचे विषय पाच सांगितले आहेत : चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य. टीकाकार चक्रपाणींनी त्यांतील भेद स्पष्ट केला आहे. करावे की न करावे याचे मनन ते चिंत्य. युक्ती लागू पडते की पडत नाही याची छाननी ते विचार्य. ‘हे असे असावे’ ही संभावना ते ऊह्य. भावनेने ज्याचे ध्यान होते ते ध्येय, आणि गुण वा दोष म्हणून ज्याचा निश्चय होतो ते संकल्प्य. यांतील ऊह्य आणि विचार्य हा भेद निदान करणाऱ्यास अत्यंत उपयुक्त आहे, कारण ऊह क्षणात होतो व विचारास वेळ लागतो. रुग्ण दारातून आत येताच वैद्याच्या मनात ऊह उठतो. अनुभवी वैद्याचा ऊह पुष्कळदा खराही ठरतो. अडचण अशी की खरा ठरण्याची सवय झालेला ऊह विचारास जागाच देत नाही.

हीच गोष्ट ट्वर्स्की व काहनेमन या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रयोगांनिशी मांडली. अनिश्चिततेत निर्णय घेताना माणूस काही सोप्या आडवाटांनी जातो : जे चटकन आठवते ते अधिक संभवनीय मानतो, ठरावीक नमुन्याशी जुळते ते त्याच जातीचे मानतो, आणि प्रथम कानी पडलेल्या संख्येस वा मतास नांगर टाकल्यासारखा चिकटून राहतो. आमच्या बाबतीत नांगर होता वडिलांचे पहिले वाक्य. ‘बुद्धीसाठी’ हा शब्द त्यांनी आणला आणि आम्ही तो तसाच केसपेपरवर उतरवला. त्याच मुलाने प्रतीक्षालयात बसल्या बसल्या सायकलच्या उतरलेल्या साखळीचे वर्णन आमच्या सहायकास इतक्या क्रमवार केले होते की तेवढ्यावरूनही आम्हांस शंका यावयास हवी होती. ऐकले सर्वांनी, पण जे निदानाशी जुळत नाही ते कानावरून जाते.

बुद्धी

बुद्धीचे मापन ही कल्पना मूळची शाळेची आहे, रुग्णालयाची नव्हे. शाळेत ज्यांना विशेष साहाय्य लागेल अशी मुले ओळखण्यासाठी फ्रान्समधील शासनाने नेमलेल्या मंडळाच्या कार्यातून आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सीमाँ यांनी १९०५ साली पहिली कसोटी सिद्ध केली. बिने यांना मुलावर कायमचा शिक्का मारावयाचा नव्हता, उलट बुद्धी वाढविता येते असे त्यांचे मत होते. पुढे १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. त्या भागाकारास शंभराने गुणून येणारा बुद्ध्यंक १९१६ साली टर्मन यांच्या स्टॅनफर्ड आवृत्तीतून सर्वत्र पसरला. आज बुद्ध्यंक अशा भागाकाराने काढीत नाहीत. समवयस्कांची सरासरी १०० धरून त्या मुलाचे अंतर पाहतात. प्रचलित मोजपट्टीवर सुमारे दोन-तृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात.

ही कसोटी आपल्या मातीत आणण्याचे काम धारवाडकडे झाले, हे मराठी वैद्यांस ठाऊक असावे. वि. वा. कामत यांनी मुंबई इलाख्याच्या त्या भागातील कानडी व मराठी भाषक मुलांसाठी बिने यांची कसोटी रूपांतरित केली. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ साली व भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे अनेक दशके भारतीय चिकित्सालयांत वापरली गेली. परदेशी कसोटीतील नाणी, वस्तू, शब्द धारवाडच्या मुलास अपरिचित असतील तर तो प्रश्न बुद्धीचा राहत नाही, ओळखीचा होतो. कामतांचे हे धोरण आपल्या सात्म्यविचाराशी किती जवळचे आहे! त्याच न्यायाने, इतक्या जुन्या मुलांवरून ठरविलेली प्रमाणके आजच्या मुलास लावताना तज्ज्ञही सावधगिरी बाळगतात.

बुद्धी एक की अनेक, हा वाद मानसशास्त्रात शतकभर चालू आहे. स्पिअरमन यांनी १९०४ साली सर्व कौशल्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक मांडला. गिल्फर्ड यांनी बौद्धिक क्षमतांची विस्तृत रचना उभी केली. १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने याच रचनेच्या आधारे मराठी मुलांसाठी कसोट्या विकसित केल्या. १९८३ साली गार्डनर यांनी बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली. शिक्षकांनी ती उचलून धरली, संशोधकांचे तिच्याविषयी अद्याप एकमत नाही. वैद्याने या वादात न शिरता आपल्या शास्त्राचा विभाग स्मरावा : धी, धृती आणि स्मृती. धी योग्यायोग्य ओळखते, धृती मनास अहितापासून आवरते, स्मृती अनुभवलेले धरून ठेवते. तिन्हींचा भ्रंश वेगवेगळा वर्णिलेला आहे. शिवाय मेधा म्हणजे ग्रहणशक्ती ही स्वतंत्रपणे येते. ‘मुलगा मंद आहे’ या एका वाक्यात पालक हे सारे एकत्र बांधून आणतात. गाठोडे सोडणे आपले काम.

आणि गाठोडे सोडण्यापूर्वी इंद्रियपरीक्षण. श्रवण व दृष्टी तपासल्याविना कोणत्याही मुलास मेध्य औषध देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. कानात मळ साचलेले, चष्म्याची गरज असलेले, वा जंतांमुळे पांडुता आलेले मूलही ‘मंद’ म्हणून आणले जाते. अध्ययन-अक्षमतेचा तर दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात समावेश झालेला आहे व प्रमाणित मुलांस परीक्षेत सवलती मिळतात. त्या मुलास योग्य वेळी योग्य ठिकाणी न पाठविणे म्हणजे त्याचे शालेय वर्ष बुडविणे होय.

प्रेरणा

प्रेरणेचा विषय आपल्याकडे एषणा या नावाने येतो. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा असा क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे आणि प्राण गेल्यास सर्वच जाते, म्हणून प्राणैषणा प्रथम, असे कारणही दिलेले आहे. १९४३ साली मॅस्लो यांनी गरजांची उतरंड मांडली, तीही शारीरिक गरजांपासून आरंभ होते. साम्य मोहक आहे, पण फार ताणू नये. आषाढीच्या वारीत उपाशीपोटी मैलोगणती चालणारा वृद्ध कोणत्याही उतरंडीत सरळ बसत नाही, आणि असे अपवाद असतात हे मॅस्लो यांनीही लिहिले आहे.

व्यवहारात आपली गाठ पथ्याशी पडते. मधुमेही रुग्णास साखर वर्ज्य हे ठाऊक असते, म्हणजे धी शाबूत असते. लग्नाच्या पंगतीत जिलबी समोर आली की ढळते ती धृती. अशा रुग्णास आपण पुन्हा ज्ञानच देतो, तेही आवाज चढवून. मिलर यांनी १९८३ साली मद्यपींच्या संदर्भात संवादाची जी पद्धत मांडली, तिचे मर्म असे की बदलाची कारणे चिकित्सकाने सांगण्याऐवजी रुग्णाच्या तोंडून यावीत. ‘तुम्हांला स्वतःला काय जमेल?’ हा प्रश्न विचारून आम्ही गप्प बसू लागलो, तेव्हा काही रुग्णांनी स्वतःहून एक वेळचा भात सोडला. सर्वांनी नव्हे.

भावना

भावना दिसत नाही, तिचे अनुमान करावे लागते. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात अनुमानाने जाणावयाच्या गोष्टींची जी दीर्घ यादी आहे, ती मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. क्रोध दुसऱ्यास इजा करण्याच्या प्रवृत्तीवरून, शोक दीनतेवरून, हर्ष आमोदावरून, भय विषादावरून जाणावे, असे तेथे सांगितले आहे. भय विषादावरून, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे. कापणारा, घामेजलेला माणूस भ्यालेला आहे हे कोणीही ओळखेल. खचून बसलेला माणूस भ्यालेला असू शकतो, हे ओळखणे कठीण.

पाश्चात्त्य शास्त्रात १८८४ साली विल्यम जेम्स यांनी असे प्रतिपादन केले की प्रथम शरीर बदलते आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. कॅनन यांनी १९२७ साली त्यावर आक्षेप घेतला : निरनिराळ्या भावनांत आंतरिक बदल सारखेच असतात, मग भेद कशाने व्हावा? शॅक्टर व सिंगर यांनी १९६२ साली शरीराची उत्तेजना व तिला मनाने दिलेला अर्थ यांच्या संयोगाची कल्पना मांडली. त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढे सर्वत्र तसेच मिळाले नाहीत, तरी प्रसंगास मन जो अर्थ देते त्यावर भावना अवलंबून असते, हा विचार टिकला आहे.

याचे प्रत्यंतर आम्हांस एका साठीच्या शेतकऱ्याच्या चिकित्सेत आले. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्या कितीतरी आधीच ही कुटुंबे नव्या वसाहतींत राहावयास आली होती. त्यांपैकी हे एक गृहस्थ. ‘मना जेवान पचत नाय,’ एवढीच तक्रार. आहार मोजका, पथ्यकर, वेळच्या वेळी. दीपन-पाचन झाले, अनुलोमन झाले, फरक नाही. चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे विमानस्थानात दुसऱ्याच अध्यायात आहे. ते आम्हांस आठवले खरे, पण आम्ही गृहीत धरले की हा शोक असणार, घर गेले, शेत गेले. म्हणून सांत्वन केले. ते ऐकून घेत आणि पुढच्या आठवड्यात तसेच येत.

एके दिवशी आम्ही सांत्वन न करता विचारले, ‘काका, रात्री जाग आल्यावर मनात काय येते?’ बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले की मोबदल्याची रक्कम मुलाच्या सांगण्यावरून एका वाहनाच्या कर्जास तारण आहे, आणि हप्ते थकले आहेत की नाहीत हे त्यांना कोणी सांगत नाही. हा शोक नव्हता, भय होते. काम, शोक, भय, क्रोध आदींपासून झालेले विकार परस्परविरोधी भावांनी शमवावेत असे उन्मादचिकित्सेत सांगितले आहे. पण भाव कोणता हेच चुकले तर त्याचा विरोधी कोठून सापडावा? शोकास काळ आणि सोबत लागते. या भयास माहिती लागत होती. आम्ही मुलास बोलावून घेतले. बँकेचे पुस्तक वडिलांसमोर वाचून दाखविण्यात आले. दोन हप्ते थकलेले निघाले, पण त्यांनी मनात धरले होते तेवढे संकट नव्हते. पाचनाची औषधे तीच ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्याचे सांगितले. औषधांचा वाटा किती व पासबुकाचा किती, हे आम्हांस निश्चित सांगता येणार नाही.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. सत्त्वावजय ही आपल्या शास्त्रातील त्रिविध चिकित्सेपैकी एक असली, तरी विषाद दीर्घकाळ टिकलेला असेल, रुग्ण जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, वा त्यास भलतेच आवाज ऐकू येत असतील, तर विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चालू असलेली मानसरोगाची औषधे आपल्या सांगण्यावरून अचानक बंद होऊ देऊ नयेत. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समजही चुकीचा आहे. विचारावे.

आमच्या केसपेपरवर आता ‘सत्त्व’ या रकान्याखाली चार ओळी मोकळ्या सोडलेल्या असतात. पहिल्या ओळीत रुग्णाचे वा पालकाचे पहिले वाक्य अवतरणचिन्हांत लिहितो, म्हणजे ते त्यांचे आहे, आमचे निदान नव्हे, हे आम्हांस दिसत राहते. त्या मुलाचा जुना केसपेपर आम्ही फाडला नाही. तो मुलगा पुढे सवलतीसह दहावी उत्तीर्ण झाला आणि सध्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम करीत आहे. मध्यंतरी चिकित्सालयाच्या शटरची कडी अडकली होती, ती त्यानेच येऊन दुरुस्त केली.