व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा सुरू करायचा, तर खर्च किती?

माळ्यावरचा जुना मर्फी, बुश किंवा फिलिप्स खाली उतरवला की थेट प्लग लावून पाहावासा वाटतो. कृपा करून तसं करू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात. त्यातला एखादा शॉर्ट झाला, तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही जळू शकतात. पहिल्यांदा चालू करताना साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

पहिले पैसे कंडेन्सरवर घाला. मेणकागदाचे सगळे कंडेन्सर बदलायचेच. सिरॅमिक आणि मायकाचे बहुधा ठीक असतात, त्यांना हात लावू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर साधारण दहा ते चाळीस रुपयांना मिळतात, ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक पन्नास ते दीडशेला. म्हणजे हजाराच्या आत अख्खा सेट होतो. त्यातही आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर सर्वांत आधी बदला. तो गळका असला की व्हॉल्व्हमधून भलताच करंट वाहतो, व्हॉल्व्ह लाल होतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो.

व्हॉल्व्ह मात्र लोक उगाच बदलतात. ‘व्हॉल्व्ह गेलाय’ असं सांगणारा मेकॅनिक तो टेस्टरवर दाखवत नसेल, तर पैसे देऊ नका. काचेच्या आत वरच्या बाजूला असलेला चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर हवा आत शिरली. तो खरोखर गेला. बाकीचे बहुतेक अजून चालतात. ईएल ८४ गिटारच्या ॲम्प्लिफायरना लागतो, त्यामुळे आजही नवा बनतो. हजार ते दोन हजार धरा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९ हे फक्त जुन्या साठ्यातले, साधारण तीनशे ते आठशे. विचारताना दोन्ही नावं सांगा, कारण ईसीएच ८१ एखाद्या डब्यावर ६एजे८ म्हणून असतो आणि ईएल ८४ हा ६बीक्यू५ म्हणून. स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा मॅजिक आय सगळ्यांत महाग पडतो, आणि मंद झालेला पुन्हा उजळत नाही. पण त्याच्यावाचून रेडिओचं काही अडत नाही; तो खर्च शेवटी बघा.

बटणं, डायलची काच, मागचं झाकण नवं मिळत नाही. त्यासाठी मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा मोडका सेट शोधावा; सुटे भाग जमवण्यापेक्षा तो बहुधा स्वस्त पडतो. डायलची काच आतून अजिबात पुसू नका. स्टेशनांची अक्षरं आतल्या बाजूला छापलेली असतात आणि ओल्या फडक्यानेही निघून येतात. एकदा गेली की गेली.

व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होत असतील, उदाहरणार्थ यूसीएच ८१ किंवा यूवाय ८५, तर तो सेट बहुधा एसी-डीसी असतो. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट घरातल्या विजेच्या तारेला जोडलेली असते. असा सेट घरी उघडू नका आणि नॉबचे स्क्रू उघडे ठेवू नका. इतर सेटमध्येही बंद केल्यानंतर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात.

मेकॅनिक शोधताना जुने व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी करा. मजुरी दोन ते चार हजार, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग हजार ते दोन हजार, लाकडी कॅबिनेटला चपड्याचं पॉलिश करून घ्यायचं तर आणखी दीड-दोन हजार. काढलेले भाग परत मागा, आणि त्या मॉडेलचं सर्किट त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा.

या सेटवर एफएम क्वचितच असतं आणि मीडियम वेव्हची बरीच केंद्रं बंद झाली आहेत. तेव्हा खर्चाआधी साध्या ट्रान्झिस्टरवर तुमच्या गावात काय लागतं ते ऐकून घ्या. घरचाच सेट असेल, तर पाच ते आठ हजार जरूर घाला. नुसता शोभेसाठी विकत घेत असाल आणि दुरुस्तीचा अंदाज दहाच्या वर गेला, तर तो सेट सोडा, दुसरा बघा.