मोरा धक्का, ओहोटीची वेळ

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. भाऊचा धक्का ते उरणचा मोरा धक्का या लाँचच्या प्रवासावर नुसते फोटो आणि आवाज वापरून पाच मिनिटांची फिल्म करणार म्हणतेस. वाचून फार बरं वाटलं. फोटो तू चांगले काढतेस. मला काळजी आवाजाची आहे.

माझी अशी पहिली फिल्म आवाजापायीच फसली. लाँच दिसली की इंजिनाची धडधड, कोळीण दिसली की बाजाराचा कलकलाट, असा प्रत्येक फोटोला ज्याचा त्याचा आवाज जोडला होता. लोकांनी लग्नाचा अल्बम चाळावा तशी ती पाहिली. जे दिसतंय तेच ऐकवलं तर कानाला कामच उरत नाही.

म्हणून आधी कॅमेरा पिशवीत ठेव आणि ओहोटीला मोरा धक्क्यावर तासभर नुसती बस. पाणी उतरलं की गाळामुळे लाँचला धक्क्याला लागता येत नाही, फेऱ्या थांबतात. माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली असतात. तेव्हा चिखल ऐक. बारीक बुडबुडे फुटतात, निवट्या टपकन उडी मारतात, तिवरांकडून टकटक येते. मग कधीतरी दुरून इंजिन ऐकू येतं, लाँच अजून दिसत नसते, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळतात. तुझी फिल्म तिथे आहे. त्या वळलेल्या मानांचा एकच फोटो बारा सेकंद धर, इंजिन हळूहळू वाढू दे, आणि लाँच दाखवूच नकोस.

फोटोवर झूम करणं, तो सरकवणं हे कटाक्षाने टाळ. आपला स्वतःच्या फोटोवर विश्वास नसला की हे सुचतं. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद. चाळीस फोटो खूप झाले. काही दोन सेकंदांत जातील, काही पंधरा मागतील.

ख्रिस मार्करची १९६२ची 'ला जेते' बघ. अठ्ठावीस मिनिटं, जवळजवळ सगळे स्थिर फोटो. एकदाच, झोपलेली बाई डोळे उघडते तेवढं चित्र हलतं, आणि अंगावर काटा येतो. नावाचा अर्थही धक्काच, फक्त तो विमानतळावरचा. आणि आपले दादासाहेब फाळके विसरू नकोस. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर रोप मिनिटाभरात वाढवून दाखवलं. ते मुळात फोटोग्राफर. दोन चित्रांमधला वेळ हेच आपलं खरं साहित्य, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

कोळीवाड्यात मावश्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. काढलास तर प्रिंट नेऊन दे. नौदलाच्या हद्दीकडे कॅमेरा वळवायचा नाही.

उरणपर्यंत आता लोकल येते, पण तू लाँचनेच ये. अमावास्येच्या आसपासचा दिवस धर, तेव्हा ओहोटी खोल जाते. निघण्याआधी फेरी सुटणार का ते धक्क्यावर विचार. वाऱ्याने माइक नुसता फरफरतो, त्याला गुंडाळायला तुझी जुनी लोकरीची टोपी आण. मी उतारूंच्या रांगेशी उभा असेन.

तुझा
मामा