भातपट्ट्यातून बंदराकडे : पदवी आखायची कशी?

तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. लोणी काळभोरला एमआयटीची 'मॅनेट' आहे, लोणावळ्याजवळच्या डोंगरात 'समुंद्रा' आणि कर्जतला अँग्लो-ईस्टर्नची अकादमी. जहाजावरचे अधिकारी घडवणाऱ्या या नावाजलेल्या संस्थांपैकी एकीच्याही खिडकीतून समुद्र दिसत नाही. तेव्हा 'गोंदियाला कुठं समुद्र आहे?' हा पालकांचा पहिला आक्षेप आपण सुरुवातीलाच बाजूला ठेवू. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर बाहेरगावची मुले विमान उडवायला शिकायला येतात. इथली मुले जहाज शिकायला बाहेर गेली तर नवल ते काय!

दुसरी चिंता मात्र खरी आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, 'मला जहाजाचं आवडतं, पण मॅनेजमेंटही आवडतं, पर्यावरणही आवडतं.' आणि माहितीपत्रकांत नावांची रेलचेल असते : मेरिटाइम स्टडीज, शिपिंग अँड लॉजिस्टिक्स, ब्लू इकॉनॉमी. दोन-तीन विद्याशाखा एकत्र केलेल्या या पदव्या ऐकायला छान वाटतात. त्या घ्याव्यात का, की स्वतःच तशी पदवी जुळवावी?

आधी हे विषय एकत्र का येतात ते पाहू. मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि जगाचा व्यापार सहा दिवस तुंबला. जहाजाची मालकी जपानी, ते चालवणारी कंपनी तैवानची, नोंदणी पनामाची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन आणि वरचे 25 खलाशी-अधिकारी सगळे भारतीय. जहाज बाहेर काढायला भरती-ओहोटीचे गणित आणि गाळ उपसणारे लागले. ते सुटल्यावर मात्र खरी रस्सीखेच वकील, विमा कंपन्या आणि कालवा प्राधिकरण यांच्यात झाली, आणि तोवर जहाज तीन महिने इजिप्तमध्येच अडकून पडले. आत हजारो कंटेनर होते आणि प्रत्येकाच्या मालकाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, 'माझ्या मालाचं काय?' या सगळ्याची उत्तरे एका विषयाच्या माणसाकडे नव्हती. शिपिंगमधल्या कंपन्या दोन भाषा येणारा माणूस शोधतात ते यासाठी. इथे भाषा म्हणजे यंत्राची आणि करारपत्राची.

पण इथेच पालकांची गफलत होते. जहाजावर अधिकारी म्हणून चढायला पदवी पुरत नाही. त्यासाठी सीओसी, म्हणजे सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते, आणि ते नौवहन महासंचालनालयाच्या (लोक 'डीजी शिपिंग' म्हणतात) मान्यतेच्या अभ्यासक्रमानंतर, ठरावीक काळ समुद्रावर काढून आणि परीक्षा देऊन मिळते. 'मेरिटाइम' हा शब्द पदवीत असला म्हणून ती वाट आपोआप उघडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मेरिटाइम अकादमीत जागतिक अभ्यास आणि सागरी घडामोडी अशी जोडपदवी चालत आली आहे, पण लायसन्सची वाट वेगळी आणि बिनलायसन्सची वेगळी हे तिथे आधीच सांगतात. आपल्याकडे हा फरक पुष्कळदा शुल्क भरल्यावर कळतो.

आता वाटा. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या (आयएमयू) परिसरांचे आणि तिच्याशी संलग्न संस्थांचे दार एकच आहे : विद्यापीठाची सीईटी. हे विद्यापीठ 2008 मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. मुख्यालय चेन्नईला, आणि मुंबई, नवी मुंबई, कोची, कोलकाता, विशाखापट्टण इथे परिसर. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के हवेत. नॉटिकल सायन्सची बीएस्सी तीन वर्षांची, त्यानंतर साधारण वर्षभर जहाजावर कॅडेट. एक वर्षाच्या नॉटिकल डिप्लोम्यानंतर हाच काळ दीड वर्ष होतो. मरीन इंजिनिअरिंगची बीटेक चार वर्षांची. रंगांधळेपणा असेल तर दोन्ही वाटा बंद, आणि डेककडे, म्हणजे नॉटिकलकडे, जायचे तर चष्म्याशिवाय जवळजवळ निर्दोष नजर लागते. म्हणून कुठल्याही क्लासचे शुल्क भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन या. दोन वर्षांची तयारी रंगांच्या ठिपक्यांच्या चाचणीत वाया जाते, आणि ते आधी तपासणे सहज शक्य होते, हे फार जिवाला लागते.

या अभ्यासक्रमांत ऐच्छिक विषयांना जागा थोडी असते, कारण शिकवायचे काय आणि किती हे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले आहे. अग्निशमन, जीवरक्षण, वाफ, वीज, तारे पाहून जागा ठरवणे यांतले काही गाळता येत नाही. म्हणून आंतरविद्याशाखीय पदवी एकाच संस्थेत, एकाच वर्षी मिळण्याचा हट्ट मी धरू देत नाही. आपल्याकडे धानाचे पऱ्हे आधी एका बांधीत तयार होतात, रोवणी नंतर दुसरीकडे होते. इथेही तसेच करावे. आधी एक पक्की, परवाना देणारी शाखा घ्या. चार-पाच वर्षे समुद्रावर काढा. मग त्यावर दुसरी शाखा चढवा. गांधीनगरला 2017 मध्ये स्थापन झालेले गुजरात मेरिटाइम विद्यापीठ एलएलबीनंतरची सागरी कायद्याची एलएलएम देते. आयएमयूत बंदर आणि नौवहन व्यवस्थापनाची एमबीए आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्सच्या परीक्षा तर घरबसल्या अभ्यास करून देता येतात.

दुसरी शाखा निवडताना गोंदियाच्या मुलाने गोंदियाकडेच पाहावे. तो पोत्यातल्या तांदळाचा ओलावा हाताने ओळखतो. हा तांदूळ जहाजाच्या कोठीत भरला की नवा प्रश्न उभा राहतो. गरम बंदरातून निघालेले जहाज थंड पाण्यात शिरले की लोखंडी भिंतींना आणि छताला घाम सुटतो. तो पोत्यांवर टपकतो, माल बुरसतो, भाव पडतो, आणि नुकसान कुणाचे यावर दोन देशांत दावे चालतात. झडपा कधी उघडायच्या आणि कधी बंद ठेवायच्या याचा निर्णय हवा आणि पाण्याचे तापमान पाहून दररोज घ्यावा लागतो. आता गोंदियातल्या गिरणीवाल्याच्या घरचा मुलगा डोळ्यांसमोर आणा : धान, उसना (उकडा) आणि साधा तांदूळ यांतला फरक लहानपणापासून माहीत, वर नॉटिकलची पदवी, त्यावर विमा किंवा कायद्याची जोड. काकिनाडा हे आपल्या देशातले बिगर-बासमती तांदळाचे मोठे बंदर. तिथे मालाची पाहणी करणारा सर्व्हेअर म्हणून त्याला जी पकड मिळेल ती मुंबईच्या मुलाला सहज मिळणार नाही. जुलै 2023 मध्ये केंद्राने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि सप्टेंबर 2024 मध्ये ती खुली केली, तेव्हा भातपट्ट्यातल्या गिरण्यांना बंदराचे राजकारण किती जवळचे असते ते कळले. धोरण, व्यापार, जहाज ही तिन्ही एका माणसात असावीत, ही गरज आपल्या जिल्ह्यातच उभी आहे.

ज्यांना समुद्रावर जायचे नाही त्यांनी उगाच भीती बाळगू नये. बीएस्सी किंवा बीकॉम गोंदियात राहून करा. नवीन शैक्षणिक धोरणामुळे मुख्य विषयासोबत गौण विषय घेता येतो. कॉलेजात कोणते पर्याय उघडले आहेत ते बघून अर्थशास्त्र, सांख्यिकी किंवा पर्यावरण जोडा. शिवाय 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली आहे : एक प्रत्यक्ष, दुसरी मुक्त किंवा ऑनलाइन. नागपूरला मिहान आणि तिथला कंटेनर डेपो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे किंवा एखाद्या क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात महिनाभर बसलात तर बिल ऑफ लेडिंग म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा बरे कळेल. वाढवणच्या नव्या बंदराचा सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प 2024 मध्ये मंजूर झाला. बांधकाम चालू असतानाच माणसे लागतील : कोळी वस्त्यांशी बोलणारी, पाण्याचे मोजमाप करणारी, रस्ते-रेल्वेचे वेळापत्रक जुळवणारी.

ज्यांनी गोंदियातच मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले आहे त्यांना एक वर्षाचा पदवीधर मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरची वाट. बारावीला नंबर हुकला म्हणून जग संपत नाही. जहाजबांधणीच्या आराखड्यात रस असेल तर आयएमयूचा विशाखापट्टण परिसर पाहा. तो मुंबईपेक्षा आपल्याला रेल्वेने जवळ पडतो, पण आपले पालक मुंबईला जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या पलीकडे बघतच नाहीत. मुलींनाही या सगळ्या वाटा उघड्या आहेत. आई-वडिलांनी त्यांना फक्त 'ऑफिसचं काम बघ' एवढ्यावर थांबवू नये.

पैशाबद्दल पालकांना चार शब्द. सगळ्यात मोठा धोका शिक्षणाचा नाही, पहिल्या जहाजाचा आहे. कोर्स पूर्ण करून कॅडेटची जागा न मिळालेले तरुण देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याभोवती एजंटांची टोळी घोटाळत असते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार जहाजावर काम मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. भरती करणाऱ्या संस्थेला डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो आणि त्यांची यादी संकेतस्थळावर आहे. 'पाच लाख द्या, जहाज माझ्याकडे' म्हणणाऱ्याला घरातून बाहेर काढा, तो आपल्या समाजातला असो की नातेवाईक असो.

प्रवेश घेण्याआधी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा : हा कोर्स डीजी शिपिंगच्या मान्यतेचा आहे का, गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी कोणत्या कंपनीत कॅडेट म्हणून गेले, आणि कंपनीचे प्रायोजकत्व असेल तर त्याची अट काय. उत्तर तोंडी मिळत असेल आणि कागदावर येत नसेल, तर त्या संस्थेत शुल्क भरू नका.